उंचीचंच असेल

ताई,

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर लिहून मागितलं आहे. तुझं शिक्षण, बुओना व्हिस्टाच्या लॅबमधलं संशोधन, सिंगापूरला कधी आलीस, मंडळासाठी काय काय केलंस. ते सगळं दाजींनी एका कागदावर तारखांसकट उतरवून दिलं आहे. मला म्हणाले, "तू भाऊ आहेस, तू दोन शब्द लिही." माझ्या तोंडून एका वेळी तेवढेच निघतात हे त्यांना इतक्या वर्षांत पुरतं कळलं आहे.

पण मला दोन शब्दांत भागवायचं नाही, आणि मंडळासाठीही लिहायचं नाही. तुला लिहायचं आहे. लिहून झालं की आधी दाजींना दाखवीन. त्यांनी नको म्हटलं, तर हे कुठे छापून येणार नाही.

आज सतरावा दिवस. त्या मंगळवारी मी फॅक्टरीच्या धूळमुक्त क्लीनरूममध्ये होतो. आत फोन नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये. साडेदहाला चहासाठी बाहेर आलो, अंगावरचा पांढरा झगा काढला, लॉकर उघडला. अकरा मिस्ड कॉल. मला वाटलं, नाशिकला आईला काहीतरी झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. मन आपोआप तिकडेच गेलं. दाजींना फोन लावतानाही मी मुंबईच्या विमानाचा विचार करत होतो. दाजी म्हणाले, "अजय, सुजाता गेली रे." आणि मी म्हणालो, "बरं."

बरं! मीटिंगची वेळ बदलली असं कुणी कळवावं तसं. वर म्हणालो, "येतो." मग झगा पुन्हा नीट हँगरला लावला, टोपी डब्यात टाकली, रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली. हे सगळं मी केलं. ते करणारे हात कोणाचे होते, मला अजून कळत नाही.

सकाळी आठला तू घरून निघालीस. एलआरटी रेल्वेच्या स्टेशनकडे जाणाऱ्या छपराच्या वाटेवर मध्येच खाली बसलीस. मागून येणाऱ्या एका मलाय बाईनं तुझी पर्स तुझ्या डोक्याखाली दिली, अँब्युलन्स बोलावली, ती येईपर्यंत तुझा हात धरून बसली. आमच्यातलं कोणी तिथे नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर मुलगी कागद भरत होती. तिनं दाजींना हळू आवाजात विचारलं, याआधी कधी दम लागणं, छातीत किंवा जबड्यात दुखणं, मळमळ? दाजी म्हणाले, "नो. नेव्हर. शी वॉज फाइन. वी जस्ट केम बॅक फ्रॉम अ हॉलिडे."

मी त्यांच्या शेजारी दीड हातावर उभा होतो, ताई. मला माहीत होतं. मी खाली फरशीकडे बघितलं.

आईनं तुला फोनच्या पडद्यावरून निरोप दिला. शेजारच्या मुलीनं तिच्यासमोर फोन धरला होता आणि आई सारखी म्हणत होती, "जरा जवळ न्या, मला तिचं तोंड दिसत नाही." तिला येता आलं नाही. पासपोर्टची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. तो फॉर्म मी भरायचा होता.

*

मी पहिल्यांदा सिंगापुरात आलो ते दिवस आठवतात तुला? आंग मो किओच्या तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये गादी टाकून सहा महिने काढले. दुसऱ्याच दिवशी तू मला खालच्या हॉकर सेंटरला जेवायला नेलंस आणि टेबलाशी ठाण मांडून बसलीस. "जा. तुझं तू माग."

मी चार दुकानांसमोरून चकरा मारून परत आलो. "भूक नाही."

"अज्या, पोटात आग आणि तोंडाला कुलूप, असा माणूस परदेशात टिकत नाही. जा."

शेवटी एका चिनी आजीबाईंनीच मला दरडावलं, तेव्हा भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट केलं. भलंमोठं माशाचं डोकं आलं, आमटीत बुडवलेलं, डोळ्यासकट. तू इतकी हसलीस की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग म्हणालीस, "असू दे. मागितलंस तर खरं." आणि अर्ध्याहून जास्त तूच खाल्लंस, कारण मला त्या डोळ्याकडे बघवेना.

त्यानंतर सतरा वर्षं तू मला बोलायला शिकवत होतीस. मुलाखतीला, शेजाऱ्यांशी, लग्नानंतर मीनलशी, पुढे लेकीच्या, सानूच्या शाळेत. आणि तरीही लहानपणापासूनची सगळी गुपितं माझ्याकडेच आणून ठेवायचीस, कारण "अज्याच्या पोटात राहतं." दाजींबद्दल तू पहिल्यांदा मलाच सांगितलंस. मी बारावीत होतो, आईला पुढे वर्षभर पत्ता लागला नाही. घरात मला दुसरा कसला मान नव्हता, ताई. हा एकच होता. मी तो फार जपला.

*

आल्प्सची सहल तुझी कल्पना. दाजींना शहरं हवी होती, मीनलला दुकानं. तू म्हणालीस, "आपल्या पोरी लिफ्टनं वर जातात आणि लिफ्टनं खाली येतात. सपाट बेटावरच्या पोरी. एकदा त्यांना स्वतःच्या पायांनी डोंगर चढू दे." जूनच्या सुट्टीत जायचं ठरलं आणि वेळापत्रक माझ्याकडे आलं. ते तू विमानातच हातात घेतलंस.

"नऊ वीस ते नऊ बेचाळीस, हरणं. बावीस मिनिटं? आणि तेविसाव्या मिनिटाला काय, हरणं उठून ऑफिसला जाणार?"

त्या हरणांच्या दिवशी आपण गावाबाहेरच्या प्राणिउद्यानात गेलो. डोंगराच्या उतारावर जंगलालाच कुंपणं घातलेली, पिंजरा असा कुठे नाहीच. जून असूनही आपण सहाही जण जाकिटांत गुंडाळलेले आणि तिथली पोरं अर्ध्या चड्डीत धावत होती. फाटकाशी लाकडी पाटी होती: प्राण्यांची चित्रं, वाटांचा नकाशा, आणि कोपऱ्यात त्या जागेची उंची. समुद्रसपाटीपासून सहाशे वीस मीटर. मी पाट्या वाचतो. लोकांशी बोलावं लागू नये म्हणून लागलेली ती सवय आहे.

हरणं मोकळीच फिरत होती. सानूच्या मुठीतलं खाणं संपलं, तसं एक ठिपक्याठिपक्यांचं हरीण माझ्याकडे वळलं आणि खिशातून डोकावणारं वेळापत्रक त्यानं ओढून चावायला सुरुवात केली. मी एक टोक धरलं, त्यानं दुसरं. तू कुंपणाला टेकून हसत होतीस. "सोड रे अज्या, खाऊ दे त्याला! जनावरालाही कळतं काय फेकायच्या लायकीचं आहे ते!"

पुढे मार्मोट दिसले. बिळातून बाहेर येऊन दोन पायांवर उभे राहणारे, मांजराएवढे गुबगुबीत. तू पोरींना बोलावलंस. "बघा, तुमचा मामा. उभा राहतो, सगळं बघतो, आणि कोणाला काही न सांगता बिळात जातो." तुझी ईरा खिदळली. सानूला कळेना. "पण हा तर माझा पप्पा आहे, मामा नाही," म्हणाली.

इथवर सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

वाटेला फाटा फुटला, तिथे लाकडी मनोरे आणि दोरांच्या जाळ्या असलेलं मुलांचं मैदान होतं. वर, वीस मिनिटांच्या चढावर, आयबेक्स. ते मोठ्या वळणदार शिंगांचे डोंगरी बोकड. ईराला त्यांच्यासमोर सगळ्यांचा फोटो हवा होता. तू म्हणालीस, "तुम्ही व्हा पुढे. मी बसते इथे जरा."

"मम्मी! कम ऑन लाह. वन क्लाइंब ओन्ली."

"बाळा, जाऊन या ना तुम्ही."

"यू ऑलवेज लाइक दॅट, सो स्लो! एव्हरी फोटो, यू आर नॉट देअर." आणि ती पाय आपटत एकटीच पुढे निघाली. दाजी तिच्या मागे, मीनल आणि सानू त्यांच्या मागे. मी तुझ्यासोबत थांबलो. तुझी काळजी म्हणून नव्हे. मला फोटोत उभं राहायला आवडत नाही, म्हणून.

बाकावर बसल्या बसल्या तू विचारलंस, "आईचा फॉर्म भरलास?"

"भरतो."

"मार्चपासून भरतोयस."

"ताई, ती येणार नाहीये. तिथे तिला विहार आहे, मैत्रिणी आहेत, रोजची वंदना आहे. इथे नवव्या मजल्यावर बसून करणार काय ती?"

"न येऊ दे. पासपोर्ट तर असू दे हातात. उद्या कधी काय..."

आणि तू थांबलीस.

ताई, आता मी जे लिहितोय ते मीनललाही सांगितलेलं नाही. तू वाक्य अर्धवट सोडलंस आणि मला वाटलं, मी जिंकलो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वादात तुझ्याकडे उत्तर नाही. मला बरं वाटलं. मी समोरच्या झाडांकडे बघत बसलो, ती शांतता पुरेपूर चाखत. किती वेळ? एक मिनिट, दोन मिनिटं. मग मान वळवून बघितलं. तुझ्या कपाळावर घाम होता. त्या थंडीत. जाकिटाची चेन तू खालपर्यंत उघडली होतीस आणि एक हात जबड्याखाली धरला होतास, दाढ दुखते तेव्हा धरतात तसा.

"दम लागला रे," तू म्हणालीस. "आणि इथे असं ओढल्यासारखं होतंय. सकाळपासून मळमळतंयही. कालचं ते चीज बाधलं वाटतं." मग म्हणालीस, "का उंचीमुळे असेल?"

मी म्हणालो, "उंचीचंच असेल."

सहाशे वीस मीटर, ताई. पाटी वाचून तास झाला नव्हता. आपलं नाशिक तेवढ्याच उंचीवर आहे, शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं. आपण त्या उंचीवर जन्मलो, तिथे वाढलो. त्रिरश्मी लेणी तर त्याच्याही वर. त्या पायऱ्या तू मला मनगटाला धरून पळत चढवायचीस आणि शेवटी माझा हात सोडून एकटीच वर पोचायचीस. सिंगापुरात राहून राहून आपल्याला प्रत्येक टेकडी हिमालय वाटायला लागली आहे. जरा धाप लागली की सगळे म्हणतात, उंचीमुळे. दाजी असते तर तेही म्हणाले असते, आणि त्यांची ती साधी चूक ठरली असती. माझी चूक नव्हती. मला आकडा माहीत होता.

आमच्या फॅक्टरीत एखाद्या यंत्राचा आकडा मर्यादेबाहेर गेला की लाईन थांबवायची. कारण नंतर शोधायचं, आधी थांबवायचं. वरचे कितीही ओरडोत. मी ती किती वेळा थांबवली असेल, मोजदाद नाही. "आकडा हलला" एवढे दोनच शब्द लागतात.

मग तेव्हा का नाही? गेले सतरा दिवस मी स्वतःला वेगवेगळी कारणं देऊन बघतो आहे. दुसऱ्या दिवशीच्या डोंगरावरच्या रेल्वेची जागा राखलेली होती. तुझा चेहरा दहा मिनिटांत बराच निवळला होता. मी काही डॉक्टर नाही. ही सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. "हे उंचीचं नाही" असं म्हटलं असतं तर पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं. दाजींना फोन करायचा. फाटकावरच्या माणसाला गाठायचं, डॉक्टर कुठे ते विचारायचं, तेही त्या भाषेत, हातवारे करून. अनोळखी माणसांना "माझ्या बहिणीला बरं नाही" असं ओरडून सांगायचं. मला बोलावं लागलं असतं. कारण एवढंच आहे.

तू म्हणालीस, "कोणाला सांगू नको हं. हे लगेच मला हॉटेलात झोपवून ठेवतील. आणि ईराचा दिवस जाईल. आधीच रुसून गेलीय."

"नाही सांगत."

"नक्की?"

"ताई, मी कधी कोणाला काही सांगितलंय?"

तू हसलीस. मीही हसलो. आपल्या दोघांनाही तो त्या वेळी माझा गुणच वाटला.

सगळे खाली आले तेव्हा तू केस विंचरून, ओठांना रंग लावून तयार होतीस. संध्याकाळी हॉटेलात तुझ्या त्या इवल्याशा कुकरमध्ये भात लावलास, वर मेतकूट. चीज नको म्हणालीस, एवढंच.

सिंगापूरला परतल्यावर मी तुला एक मेसेज लिहिला होता: ताई, त्या दिवशीचं एकदा डॉक्टरला दाखवून घे. वाचून बघितला. उगाच घाबरवल्यासारखं वाटलं. दाजींच्या नजरेला पडला तर, असंही वाटलं. तो खोडून पाठवलं, "बरी आहेस ना?" तू अंगठा पाठवलास. मी त्या अंगठ्यावर तीन आठवडे निर्धास्त झोपलो.

*

यापुढचं तुझ्या माघारी घडलं आहे. ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

चौथ्या दिवशी ईरा माझ्याजवळ येऊन बसली. चौदा वर्षांची पोर, पण चार दिवसांत चेहरा एखाद्या बाईसारखा झालेला. घर माणसांनी भरलेलं होतं. कोणी चहा देत होतं, कोणी खुर्च्या मागवत होतं. ती अगदी हळू म्हणाली, "मामा, दॅट डे, द माउंटन गोट वाली जागा. तू मम्मीबरोबर होतास. शी टोल्ड यू एनीथिंग? की तिला बरं वाटत नाही असं?"

मी म्हणालो, "नाही."

लगेच निघाला तो शब्द. बाकीच्या शब्दांना आयुष्यभर ताटकळत ठेवलं मी, पण हा कसा झटकन निघाला बघ.

ती मान हलवून उठून गेली. मला वाटलं, बरं झालं, पोरीच्या मनाला अजून एक घाव नको. हे मी स्वतःला सांगितलं. पण ती काय विचारत होती ते मला कळलंच नव्हतं. ते कळलं सातव्या दिवशी सकाळी, पुण्यानुमोदनाच्या विधीआधी. दाजींनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "ईरा जेवत नाहीये. पाणी, बिस्किट, बस. काल रात्री शेवटी बोलली. म्हणते, मम्मीला बरं नव्हतं म्हणून ती वर आली नाही, आणि मी तिला बोलले. माझ्या भीतीनं तिनं कोणाला सांगितलं नाही. तो बोकडांसमोरचा फोटो काढून टाकलाय तिनं. मी समजावतोय की तुझ्या आईला काही होत नव्हतंच, पण ऐकत नाही. तू सांग ना. तू होतास तिथे."

वंदनेला सगळे बसले. आपल्यातलेच जाधवकाका सांगत होते, मागून सगळे म्हणत होते. त्रिशरण झालं, मग पंचशील. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. माझं तोंड उघडलं नाही. शेजारी आवाज चालू होते, दाजींचा, मीनलचा, पलीकडे ईराचा. ती ते अगदी स्पष्ट म्हणत होती, तू घोटून घेतलं होतंस तसं. मी गप्प राहिलो आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी गप्पच असतो ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेंगकांगला तुमच्या घरी गेलो. मीनलला म्हटलं, एकटाच जातो. दाजी हॉलमध्ये तुझे कपडे घड्या घालून ठेवत होते. ईरा खिडकीशी बसून खालच्या एलआरटीचे डबे बघत होती. मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"ईरा, मी तुला खोटं सांगितलं. मम्मी मला बोलली होती त्या दिवशी."

दाजींचे हात थांबले. "काय बोलली होती?"

मी सांगितलं. दम, घाम, जबडा, मळमळ. उंचीमुळे असेल का असं तू विचारलंस ते. मी काय म्हणालो ते. पाटी वाचली होती हेही. आणि मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं हेही.

दाजींनी हातातला कपडा खाली ठेवला. तू त्यांना ओळखतेस, आवाज चढवणारा माणूस नाही. चढवलाही नाही. "मी वीस मिनिटांवर होतो, अजय," म्हणाले. "हाक मारली असतीस तर धावत खाली आलो असतो. तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग तू ठरवलंस कसं?"

मग त्यांना दुसरंही आठवलं.

"आणि हॉस्पिटलमध्ये? त्या मुलीनं विचारलं तेव्हा? मी नेव्हर म्हणालो. तू ऐकत उभा होतास."

"हो."

ईरा खिडकीतून उठून माझ्यासमोर आली. इंग्रजीत बोलेल असं वाटलं होतं, पण मराठीत म्हणाली, एकेक शब्द ठेवत, "मी तुला विचारलं होतं. तू माझ्याकडे बघून नाही म्हणालास."

"हो."

"मी किती दिवस... मला वाटलं माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही नव्हतं, ईरा. तू ओरडलीस म्हणून तिनं लपवलं नाही. तिनं लपवलंच नाही. तिनं सांगितलं होतं. ज्याला सांगितलं, तो गप्प बसला."

मग मी तिला उरलेलंही सांगितलं, कारण ते तिचं होतं आणि तेही मी दाबून ठेवलं होतं. सगळे खाली आल्यावर ती त्या दोरांच्या जाळीवर चढली, पार टोकापर्यंत, आणि तिथून एका हातावर लोंबकळली. सानू खाली उभी राहून विचारत होती, इथे आपल्यासारखी रबराची जमीन का नाही, नुसती झाडाची सालंच का पसरलीयेत. माझा जीव वर अडकला होता. तू मात्र शांत बसून बघत होतीस. म्हणालीस, "ही खरी आपली. बघ, खाली बघतसुद्धा नाही. मला स्लो म्हणाली ना? म्हणू दे. माझ्यापेक्षा पुढे गेलेली पोर आहे ती, तिला मी स्लोच दिसणार." आणि ती उतरेपर्यंत तुझी नजर हलली नाही.

ईरानं हे सगळं ऐकलं. विचारलं, "एक्झॅक्टली असंच म्हणाली?"

"असंच."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "नाऊ गो, मामा. प्लीज. गो." दाजींनी मला थांबवलं नाही. लिफ्टपर्यंत कोणी आलं नाही.

*

त्याला नऊ दिवस झाले. मी मेसेज करतो ते ईरा वाचते, उत्तर देत नाही. सानूशी फोनवर बोलते, मागून माझा आवाज आला की ठेवून देते. मीनलला तिनं सांगितलं, "आय विल नेव्हर फर्गिव्ह हिम." आईलाही मी फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तू लहानपणापासून असाच. मला वाटायचं, शहाणा आहे," आणि रडायला लागली. तिचा फॉर्म परवा भरला. आता भरला, ताई. उशिरा भरला, हे तू म्हणशील त्याआधी मीच म्हणतो.

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तू असतीस तर चटकन देऊन मोकळी झाली असतीस. "जाऊ दे रे अज्या, मीच नको म्हणाले होते ना," असं म्हणून सगळं स्वतःवर घेतलं असतंस. तू नाहीस म्हणून ते होणार नाही, आणि ते व्हायलाही नको. तिथे डॉक्टरकडे नेलं असतं तर तू वाचली असतीस का, हे मला कोणी सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही. विचारायचा हक्क मला उरलेला नाही.

काल दुपारी दाजींचा मेसेज आला. नऊ दिवसांत पहिलाच.

"ईरा जेवायला लागली आहे. आज दोनदा वरण-भात घेतला. रात्री नीट झोपते. तुझ्यावर फार संतापलेली आहे, दिवसभर तुलाच शिव्या देत असते. इतक्यात येऊ नकोस."

मी तो डबा खाताना वाचला आणि तिथेच, कँटीनमध्ये सगळ्यांसमोर, हुंदका आला. लोक बघत होते, बघू दिलं.

ती आता स्वतःला काही बोलत नाही, ताई. मला बोलते. बोलू दे.